लांबचा पक्षी, आवाक्यातला कॅमेरा

भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळच्या काठावर हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी एकच चित्र दिसते. उजाडायच्या आत पुण्याच्या गाड्या येऊन थांबलेल्या असतात. बारामती, इंदापूर, वालचंदनगरकडून मोटारसायकलीही आलेल्या असतात. चहाचा एकेक कप होतो आणि होड्या उजनीच्या पाण्यात शिरतात. थोड्या वेळाने धुके विरळ होते. समोर उथळ पाण्यात पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांची लांब रांग दिसू लागते. ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

मग होडीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना."

नावाडी जुना जाणता असेल तर तो वल्हे थांबवतो. आणखी वीस मीटर पुढे गेले तर काय होईल, हे त्याला ठाऊक असते. पाण्यात माना खाली घालून चरणारे पक्षी आधी माना वर करतील, मग सगळे मिळून एकाच दिशेने चालू लागतील आणि शेवटी उडतील. होडीतल्या लोकांना उडणाऱ्या थव्याचा एक फोटो मिळेल. पक्ष्यांची मात्र चरण्याची वेळ आणि अंगातली ताकद दोन्ही वाया जाईल. दिवसभरात वीस होड्यांनी हेच केले, तर त्या जागेवर थांबणेच पक्ष्यांना परवडत नाही.

म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा असला तरी तो तेवढ्यापुरता राहत नाही. पक्ष्याला न हलवता तो फोटोत मोठा कसा दिसेल? आणि त्यासाठी लाखो रुपये घालावेच लागतात का? बाजारात ६०० मि.मी.ची, एफ/४ची मोठी लेन्स नवी घ्यायची तर किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. ती पाहून अनेकजण हौस सोडून देतात. काही जण कर्ज काढतात. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे. तो सापडायला मात्र थोडे प्रकाशशास्त्र समजून घ्यावे लागते.

साधे त्रैराशिक

लेन्स लांबच्या वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पाडते. ही प्रतिमा किती मोठी पडेल, हे शाळेतल्या त्रैराशिकाने काढता येते. पक्ष्याच्या उंचीला लेन्सच्या फोकल लेंथने, म्हणजे नाभीय अंतराने गुणायचे आणि पक्षी जितक्या अंतरावर आहे त्याने भागायचे.

मोठा रोहित सव्वा ते दीड मीटर उंच असतो. तो १.३ मीटरचा धरू आणि होडीपासून ६० मीटरवर उभा आहे असे मानू. ३०० मि.मी.च्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर साडेसहा मिलिमीटर उंच पडेल. हौशी छायाचित्रकारांकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. त्याची उंची साधारण १५.६ मिलिमीटर. म्हणजे पक्षी चौकटीचा चाळीस टक्के भाग व्यापेल. हा चांगलाच फोटो झाला.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५च्या लेन्सने हीच प्रतिमा १.२ मिलिमीटरची, म्हणजे चौकटीच्या आठ टक्क्यांपेक्षाही कमी येते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ जेमतेम सहा-सात मिलिमीटर असते. त्यात तोच रोहित मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा उमटतो. फोनमधले ठिपके हे त्याचेच रूप.

या त्रैराशिकातून दोन गोष्टी कळतात. फोकल लेंथ दुप्पट केली की प्रतिमा दुप्पट होते. आणि अंतर निम्मे झाले तरीही प्रतिमा दुप्पटच होते. पहिल्या गोष्टीला पैसे लागतात. दुसरीला वेळ आणि संयम लागतो.

मोठा सेन्सर म्हणजे मोठा पक्षी नव्हे

दुकानात हमखास सांगितले जाते की, "फुल फ्रेम घ्या, एकदाच काय तो खर्च होऊ दे." लग्नसमारंभासाठी किंवा अंधारातल्या फोटोंसाठी हा सल्ला योग्य असेलही. लांबच्या पक्ष्यासाठी तो उलटा पडू शकतो.

लेन्सने पाडलेली साडेसहा मिलिमीटरची प्रतिमा सेन्सर बदलला तरी साडेसहाचीच राहते. महत्त्वाचे असते ते, त्या साडेसहा मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे रोहिताच्या वाट्याला उंचीत साडेसोळाशेच्या आसपास पिक्सेल येतात. तेवढ्याच २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर पिक्सेल सहा मायक्रॉनचा असतो आणि पक्ष्याला मिळतात सुमारे अकराशे पिक्सेल. महागडा कॅमेरा घेऊन पक्षी लहान झाला!

क्रॉप फॅक्टरचा गोंधळही इथेच सुटतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मि.मी.ची लेन्स '४५० मि.मी.सारखी' होते असे म्हणतात. लेन्स लांब होत नाही. सेन्सर लहान असल्याने चौकटीच्या कडा कापल्या जातात, एवढेच. फायदा होतो तो दाट बसवलेल्या पिक्सेलांचा.

साडेसोळाशे पिक्सेल पुरेसे आहेत का? छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर साडेपाच इंच उंचीचा रोहित नीट छापता येईल. फोनच्या पडद्यावर पाहण्यासाठी तर एवढे भरपूर होतात. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एक काम करावे. जुने फोटो संगणकावर उघडून त्यात पक्ष्याला किती पिक्सेल मिळाले आहेत ते मोजावे. हजाराच्या पुढे पिक्सेल असूनही फोटो पुसट असेल, तर दोष लेन्सच्या लांबीत नाही. तो हात हलण्यात आहे, फोकस चुकण्यात आहे किंवा हवेत आहे. त्यावर लाख रुपये खर्चूनही उपयोग होणार नाही.

किंमत कशाची असते?

दहा लाखांची लेन्स महाग असते ती तिच्या लांबीमुळे नव्हे, रुंदीमुळे. फोकल लेंथला एफ-संख्येने भागले की लेन्सच्या प्रकाशद्वाराचा व्यास मिळतो. ३०० मि.मी. एफ/५.६च्या लेन्सचा व्यास सुमारे ५४ मिलिमीटर, तर ६०० मि.मी. एफ/४चा १५० मिलिमीटर. क्षेत्रफळ वर्गाने वाढते. त्यामुळे मोठी लेन्स पक्ष्याकडून येणारा प्रकाश जवळजवळ आठपट गोळा करते. दीडशे मिलिमीटर रुंदीची निर्दोष काच घडवणे, रंग फाकू न देणारे खास भिंग वापरणे आणि हे सगळे अचूक जुळवणे याचे पैसे पडतात.

ही एक संख्या लक्षात ठेवली की जाहिरातींना भुलायला होत नाही. कुठल्याही 'सुपरझूम'ची फोकल लेंथ आणि एफ-संख्या पाहावी आणि भागाकार करावा. समोरची काच किती मोठी आहे यावरून तो कॅमेरा किती तपशील टिपू शकेल याचा अंदाज येतो.

उदाहरणार्थ, २०१८ साली आलेला निकॉनचा पी१००० हा कॅमेरा १२५ पट झूम देतो. त्याचा आवाका ३००० मि.मी.च्या तोडीचा सांगितला जातो. त्याच्या लेन्सची खरी फोकल लेंथ कमाल ५३९ मि.मी. आहे आणि तिथे तो एफ/८ असतो. भागाकार येतो ६७ मिलिमीटर. म्हणजे ३०० मि.मी.च्या साध्या लेन्सपेक्षा थोडी मोठी खिडकी, पण दीडशे मिलिमीटरच्या आसपासही नाही. त्यातला सेन्सर नखाएवढा असतो. एफ/८ला प्रकाशाचा बिंदू विवर्तनामुळे पसरून साधारण १०.७ मायक्रॉनचा होतो आणि या सेन्सरवरचा पिक्सेल असतो १.३ मायक्रॉनचा. एका बिंदूखाली आठ पिक्सेल झाकले जातात. त्यामुळे मेगापिक्सेलचा आकडा मोठा दिसला तरी तपशील तेवढा मिळत नाही. तरीही अशा ब्रिज कॅमेऱ्यांना नाके मुरडू नयेत. स्वच्छ उन्हात, स्थिर पक्ष्यासाठी आणि ओळख पटवण्यासाठी ते उत्तम काम देतात. वेगळ्या लेन्सचा खर्चही वाचतो. पहाटेचा अंधुक उजेड आणि उडणारा पक्षी या दोन ठिकाणी मात्र ते कमी पडतात.

थोड्या पैशांत काय मिळते?

सर्वांत शहाणपणाची पहिली खरेदी म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० या वर्गातली वापरलेली झूम लेन्स. जुन्या बाजारात ती साधारण दहा ते वीस हजारांत मिळते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि वर काढलेला साडेसहा मिलिमीटरचा रोहित तिच्यातूनच मिळतो. घेताना काचेतून टॉर्चचा उजेड पाडून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फोकसची रिंग अडखळते का, ऑटोफोकस चालतो का हे आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहावे.

दुसरी पायरी १५०-६०० मि.मी.ची. टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांनी २०१३-१४च्या सुमारास या लेन्स आणल्या आणि हौशी पक्षी-छायाचित्रणाचे चित्र बदलले. नव्याची किंमत साधारण लाखाच्या आसपास जाते, वापरलेली त्याहून कमी. ६०० मि.मी.ला एफ/६.३ म्हणजे ९५ मिलिमीटरचे प्रकाशद्वार. दहा लाखांच्या लेन्सच्या चाळीस टक्के प्रकाश एक दशांश किमतीत! वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर पडणाऱ्याने तर ती विकतही घेऊ नये. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवसांचे भाडे भरून पाहिले की आपल्याला तिची खरेच गरज आहे का आणि दोन किलोचे वजन झेपते का, दोन्ही कळते.

टेलिकन्व्हर्टर हा तिसरा मार्ग. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारे हे छोटे भिंग फोकल लेंथ १.४ पट किंवा दुप्पट करते. पण प्रकाशद्वार तेवढेच राहते. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १.४च्या कन्व्हर्टरने प्रकाश निम्मा होतो, दुपटीच्या कन्व्हर्टरने पाव. एफ/५.६ची लेन्स अनुक्रमे एफ/८ आणि एफ/११ होते. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/८च्या पुढे बहुधा हात टेकतो. नवे मिररलेस कॅमेरे तग धरतात. मुळात लेन्स धारदार असेल तरच कन्व्हर्टर उपयोगी पडतो. मऊ प्रतिमा मोठी केली तर ती मोठी आणि मऊ होते. शिवाय अनेक स्वस्त झूम लेन्सवर कन्व्हर्टर बसतच नाही, कारण त्यांची मागची काच आड येते. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची स्वस्त 'टेलि' भिंगे तर टाळावीतच. पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार हीच त्यांची कमाई.

कॅननने २०२० साली ६०० आणि ८०० मि.मी.च्या दोन लेन्स आणल्या. त्यांचे प्रकाशद्वार एफ/११वर कायमचे बांधलेले आहे. प्रकाश कमी घेऊन वजन आणि किंमत खाली आणायची, हा सरळ सौदा. ६०० मि.मी.ची लेन्स एक किलोपेक्षाही हलकी आहे. उजनीच्या नऊ-दहाच्या उन्हात हा सौदा फायद्याचा ठरतो. पहाटे सहाला नाही.

घरात वडिलांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची जुनी लेन्स पडलेली असेल, तर तीही फेकू नये. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यातले अंतर कमी असते. जुन्या निकॉन लेन्सला ४६.५ मिलिमीटर अंतर लागते. सोनीच्या मिररलेसमध्ये ते १८ मिलिमीटर आहे. उरलेली जागा एका पोकळ अडॅप्टरने भरली की जुनी २०० किंवा ३०० मि.मी.ची लेन्स चालू लागते. फोकस मात्र हाताने करावा लागतो. शांतपणे उभ्या असलेल्या राखी बगळ्यासाठी हरकत नाही. झेपावणाऱ्या नदी सुरयासाठी सवय लागते.

दुर्बीण आणि फोन

ज्याच्याकडे कॅमेराच नाही, त्याच्यासाठी एक युक्ती आहे. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ साली छोटा डिजिटल कॅमेरा स्पॉटिंग स्कोपच्या डोळ्याला लावून पाहिला. फोटो अनपेक्षितपणे चांगले आले. त्यातून 'डिजिस्कोपिंग' नावाची पद्धतच जगभर रूढ झाली.

आज हेच काम मोबाइल करतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा आवाका २६ मि.मी.च्या तोडीचा धरला आणि ८×४२ची दुर्बीण पुढे लावली, तर तो २०८ मि.मी.च्या तोडीचा होतो. वीसपट स्कोपला लावला तर ५२० मि.मी.चा. दुर्बीण बऱ्याच पक्षीमित्रांकडे असतेच. फोन धरायचा अडॅप्टर घेतला, की खर्च संपतो. फोनची काच दुर्बिणीच्या डोळ्यासमोर बरोबर मध्यावर आणि ठरावीक अंतरावर यावी लागते. चौकटीत काळे वर्तुळ दिसले तर थोडे मागेपुढे करून ते घालवावे. दुर्बीण हातात न धरता कशावर तरी टेकवावी.

फोनमधला '१०० पट झूम' मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात ठरावीक मर्यादेपलीकडे भिंग काम करत नाही. सॉफ्टवेअर कडा आणि पिसे अंदाजाने भरते. पाहायला फोटो छान वाटतो, पण पिसांची नक्षी प्रत्यक्षात तशी होती का, हे त्यावरून सांगता येत नाही. पक्ष्याची जात ठरवताना अशा फोटोवर विसंबू नये.

फुकटातला आवाका

लांब लेन्स पक्ष्यासोबत हाताचा थरथराटही मोठा करते. जुना नियम असा की, शटरचा वेग फोकल लेंथच्या व्यस्त प्रमाणात असावा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मि.मी.साठी सेकंदाचा पाचशेवा भाग हा किमान वेग धरावा. उडत्या पक्ष्यासाठी सोळाशेवा ते दोन हजारावा भाग. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवावा. थोडे दाणेदार चित्र नंतर सुधारता येते, हललेले चित्र सुधारत नाही.

जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा कापून दोन्ही टोके शिवावीत आणि आत ज्वारी किंवा राजमा भरावा. ही पिशवी गाडीच्या खिडकीवर ठेवून तिच्यात लेन्स रुतवली, की स्वस्तातल्या तिपाईपेक्षा जास्त स्थिरता मिळते. इंजिन मात्र बंद हवे. होडीत उलटे असते. तिथे लेन्स काठावर टेकवली तर होडीचा कंप थेट कॅमेऱ्यात येतो. कोपरे छातीशी धरून शरीरालाच तिपाई करावे.

सर्वांत मोठा चोर डोळ्याला दिसत नाही. तो म्हणजे हवा. तापमान एका अंशाने बदलले तर हवेचा अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एकाने बदलतो. हा बदल नगण्य वाटतो. पण साठ-सत्तर मीटर अंतरावर थंड-गरम हवेचे शेकडो पट्टे हलत असतील, तर प्रत्येक पट्टा किरणाला जरासा वाकवतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाण्यासारखे काही झुळझुळताना दिसते, ते याचेच ठळक रूप. कडबनवाडीच्या माळावर सकाळी दहानंतर चिंकाऱ्याचा फोटो पुसट येतो, तेव्हा दोष लेन्सला दिला जातो. खरे तर तिथे दहा लाखांची लेन्सही तेवढीच हतबल असते, कारण तीही त्याच हवेतून पाहते. उपाय एकच आहे. लवकर जावे आणि कमी अंतरावरून फोटो घ्यावा. हिवाळ्यात गाडीत हीटर लावून काच उघडली, तरी खिडकीपाशी हीच झुळझुळ तयार होते. आतली आणि बाहेरची हवा सारखी होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे.

खांदे आणि डोळे

छायाचित्रकारांचे शरीरही या छंदाची किंमत मोजते. दोन किलोची लेन्स हात पुढे करून धरली की भार मनगट, खांदा आणि मानेवर येतो. शरीरापासून वजन जितके दूर, तितका ताण जास्त. गळ्यातला पट्टा मानेवर लटकवण्याऐवजी तिरका, खांद्यावरून कमरेपर्यंत घ्यावा. पक्षी समोर नसेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. एकपायी स्टँड, म्हणजे मोनोपॉड वापरावा. मानदुखी किंवा सांधेदुखी असलेल्यांनी तर हलकी लेन्स हाच पहिला निकष ठेवावा. जी लेन्स जड म्हणून घरी राहते, तिचा आवाका शून्यच.

डोळ्यांचा धोका याहून गंभीर आहे. उजनीवर सूर्य पाण्यातून वर येताना थव्यामागे धरायचा मोह सर्वांनाच होतो. दुर्बीण किंवा डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंग सूर्यप्रकाश एकवटून थेट डोळ्याच्या पडद्यावर टाकते. पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा होताना काही जाणवत नाही आणि दृष्टीच्या मध्यभागी डाग पडल्याचे काही तासांनी लक्षात येते. लहान मुलांच्या हातात दुर्बीण देताना ही सूचना आधी द्यावी.

एका आकड्यासाठी

लांबून टिपलेल्या फोटोचे मोल सोशल मीडियावरच्या पसंतीपुरते नसते. स्थलांतर करणाऱ्या काही पक्ष्यांच्या पायात अभ्यासकांनी कडी घातलेली असतात, काही हंसांच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी असते. मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकदंब हंस भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. हे हंस भिगवणलाही हिवाळी पाहुणे म्हणून येतात. पट्टीवरचा क्रमांक वाचता आला तर तो पक्षी कुठून आला, किती वर्षांचा आहे हे कळू शकते.

या कामाचा आरोग्याशीही जुना संबंध आहे. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडांमध्ये आणि माणसांमध्ये नव्या विषाणूचा आजार आढळला. तशाच प्रकारचा आजार रशियात माहीत होता. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांबरोबर विषाणू आला असावा का, हा प्रश्न पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्याचे काम हाती घेतले. त्यातून भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटांबद्दलची मोलाची माहिती जमा झाली.

वर केलेले त्रैराशिक इथेही लावता येते. गळपट्टीवरचा एक सेंटिमीटर उंचीचा आकडा ५० मीटरवरून ३०० मि.मी.च्या लेन्सने टिपला, तर सेन्सरवर त्याला पंधराच्या आसपास पिक्सेल मिळतात. हात स्थिर आणि हवा शांत असेल तर तो वाचता येतो. म्हणजे दहा-वीस हजारांची लेन्सही विज्ञानाच्या कामी येऊ शकते. असा फोटो तारीख आणि ठिकाणासह 'ई-बर्ड'सारख्या नोंदवहीत टाकावा. पट्टीचा रंग आणि क्रमांक आवर्जून लिहावा.

अंतर कुणी कमी करायचे?

त्रैराशिकातली दुसरी गोष्ट शेवटी उरते. अंतर निम्मे झाले की लेन्स दुप्पट होते. पण ते अंतर माणसाने पक्ष्याकडे जाऊन कमी करायचे, की पक्ष्याला आपल्याकडे येऊ द्यायचे?

जाणते नावाडी दुसरा मार्ग धरतात. सूर्य पाठीशी ठेवून, इंजिन बंद करून होडी एका जागी थांबवतात. पंधरा-वीस मिनिटे कुणी बोलत नाही. चरता चरता थवा हळूहळू सरकतो. कधी दूर जातो, कधी शंभर मीटरचे अंतर साठ होते. माळरानात गाडी हाच सर्वांत चांगला आडोसा. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेश सफारी सुरू केली आहे. तिथे गाडीतून न उतरणाऱ्यालाच चिंकारा आणि नशीब असेल तर लांडगा जवळून दिसतो. उतरून पाठलाग करणाऱ्याला धूळ दिसते. चिंकारा आणि लांडगा या दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्यांना हुसकावणे हा नुसता असभ्यपणा नाही, गुन्हाही ठरू शकतो. थव्यावर ड्रोन नेणे, घरट्याजवळ थांबून राहणे, पक्ष्याच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावणे हेही त्याच माळेतले.

थोडक्यात, खर्चाचा क्रम असा लावता येईल. आधी जुन्या फोटोंतले पिक्सेल मोजावेत. मग ज्वारीची पिशवी शिवावी, शटरचा वेग सुधारावा आणि पहाटे निघावे. तरीही पक्षी लहानच राहिला तर वापरलेली ७०-३०० घ्यावी. वर्षभर तिच्यावर हात बसला की मोठी लेन्स भाड्याने आणून पाहावी. विकत घ्यायचा विचार त्यानंतर. लेन्स घेतलीच तर पावसाळ्यात ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर बुरशी तिचा सारा आवाका खाऊन टाकते.

आणि होडीत बसल्यावर नावाड्याला सांगायचे वाक्य थोडे बदलावे. "दादा, जवळ घ्या" ऐवजी "दादा, इथेच थांबू या." माना खाली घालून चरणाऱ्या थव्याचा फोटो मिळतो तो अशाच होडीतून. पुढच्या होडीतल्या माणसांनाही तो थवा तिथेच भेटतो.